उजव्या पायाची वहाण

माझ्या गळ्यातली तुळशीची माळ काल्याच्या दिवशी, भर दुपारी, सगळ्या गावासमोर काढून घेण्यात आली. ज्यांनी ती काढली त्यांनी आजपर्यंत मला ‘चुकलो’ म्हटलेले नाही. हे आधीच सांगून टाकतो. असे अनुभव लिहिणारी माणसे फार शांत मनाने लिहितात, आणि वाचणाऱ्याला वाटते की देवाची कृपा झाली म्हणजे माणसाचा राग निवतो. माझा निवलेला नाही. तरीही जे घडले ते माझ्या हातून लिहून व्हावे असे वाटते. राग माझा आहे. जे मिळाले ते मात्र मी कमावलेले नव्हते, आणि न कमावलेली गोष्ट दडवून ठेवणे मला जमत नाही.

मी हेडी आहे, म्हणजे बैलांचा व्यापारी. जुन्नरकडच्या एका खेड्यातून दुसऱ्याचे बैल हाकत चाकणच्या बाजाराला पहिल्यांदा आलो तेव्हा अंगात एक बंडी होती आणि हातात कासरा, तोही मालकाचा. पुढे जवळच्याच एका गावात घर केले आणि जे शिकलो ते याच बाजारात. उभा बैल सगळ्यांनाच चांगला दिसतो. मी त्याला चालवून बघतो. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात पडतो की नाही, वळताना कंबर लचकते का, उतारावर पाय कसा टाकतो, एवढे पाहिले की त्याचे वय, त्याचे दुखणे आणि त्याच्या मालकाची खोटे बोलण्याची तयारी, तिन्ही मला कळतात. आमचा भाव तोंडाने ठरत नाही. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हातात हात घालतात आणि बोटे दाबून आकडा सांगतात. शेजारी उभ्या असलेल्याला पत्ता लागत नाही. त्या उपरण्याखाली मी कधी फसलो नाही. घासाघीस माझ्या रक्तात आहे आणि तोंड तिखट आहे, हे मान्य करतो. पण देहूला एका वृद्ध महाराजांच्या हातून माळ घातल्यापासून चौदा वर्षांत मांस-मच्छी आणि दारू यांचा वासही मी घरात येऊ दिला नव्हता.

दुखणे डोळ्यापासून सुरू झाले. एका सकाळी डाव्या डोळ्यापुढे धुके आले. महिनाभर राहिले आणि आले तसे निघून गेले. मी विसरलो. पुढच्या वर्षी उजवा पाय जड वाटू लागला. चालता चालता त्या पायातली वहाण निसटायची आणि मला दहा-बारा पावलांनी कळायचे, तेही मागून कुणी हाक मारली म्हणून. पायाचा पुढचा भाग उचलला जाईना, तो जमिनीवर घासत यायचा. उजव्या हाताची बोटेही अधूनमधून बधिर होत. सर्वांत विचित्र म्हणजे सकाळी गारव्यात मी जवळजवळ नीट चालायचो, आणि ऊन चढले की माझे दोन्ही पाय कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे वागायचे. दुपारी तीनच्या सुमारास मी बाजारातून निघालो की डावीकडून उजवीकडे झोकांड्या जायच्या.

वैद्य म्हणाले, वात आहे. मग शेक सुरू झाले. गरम वाळूची पुरचुंडी, कढत पाण्याच्या घंगाळात गुडघ्यापर्यंत पाय, वरून तेल. प्रत्येक शेकानंतर मला उभेही राहता येत नसे. वैद्य म्हणत, दुखणे बाहेर पडते आहे, पाणी आणखी गरम घ्या. माझ्या बायकोने तीन महिने चुलीवरून पाण्याची भांडी उतरवली आणि मी तीन महिने स्वतःचे पाय स्वतःच्या पैशाने उकडून घेतले. शेवटी पुण्याला एका मोठ्या डॉक्टरकडे गेलो. त्यांनी माझ्या तळव्यावरून किल्ली ओढली, डोळ्यांत बॅटरी मारली, मुद्दाम एकदा गरम पाण्यात बसवले, आणि पाय लुळा पडलेला पाहून मान हलवली. विजेच्या तारेवर कापडाचे वेष्टन असते, ते जागोजाग उडाले की दिवा लुकलुकतो, तसे माझ्या मज्जातंतूंचे झाले आहे म्हणाले. नाव इंग्रजीत होते, माझ्या हाताएवढे लांब. औषध काय, विचारले. ते म्हणाले, औषध नाही. ऊन टाळा, दमू नका, गार पाण्याने अंघोळ करा. दुखणे चढत-उतरत राहील. बैलबाजारातल्या माणसाला सांगतात, ऊन टाळा! मी म्हणालो, डॉक्टरसाहेब, पिंपरीला सरकार औषधाचा एवढा मोठा कारखाना बांधते आहे, त्यात माझ्या पायाचे औषध निघणार नाही का? ते हसले नाहीत. त्या औषधाचे दुखणे वेगळे, एवढेच म्हणाले.

आता गावाचे ऐका. दारूबंदी नवीन होती. ओढ्याकाठच्या भट्ट्या चालू होत्याच, फक्त लपून. अशा दिवसांत एक माणूस सकाळी सरळ चालतो आणि दुपारी झोकांड्या खातो, याचा अर्थ गावाने एकच लावला. हेडी पैसेवाला, बाजार झाला की घेत असणार. एकदा बाजारात जमादाराने मला बैलांच्या मधोमध उभे करून आपल्या तोंडावर फुंकायला लावले. मी फुंकर मारली. त्याला माझ्या तोंडाला तंबाखूचासुद्धा वास आला नाही, तेव्हा तो म्हणाला, “वेलची खाऊन आलेला दिसतोय.” मी डॉक्टरचा कागद खिशात घेऊन हिंडू लागलो. गावात इंग्रजी वाचणारे एक मास्तर. त्यांनी तो कागद खालून वर, वरून खाली पाहिला आणि अक्षर सुंदर आहे म्हणाले. पारावर बसलेल्यांतला एक जण म्हणाला, “इंग्रजी दारूचं बिल आसंल.” सगळा पार हसला. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. ज्या माणसांच्या बैलांची दुखणी मी चालीवरून ओळखली, त्यांना माझ्या चालीत दुखणे दिसले नाही.

चैत्रात आमच्या विठ्ठलमंदिरात सप्ताह असतो. सातव्या दिवशी दुपारी काल्याचे कीर्तन होते, दह्याची हंडी बांधतात, आणि तिच्याखाली माळकरी टाळ वाजवत पावल्या खेळतात. मी मागे बसून राहणार होतो. पण भजनी मंडळाचे प्रमुख गेनूबुवा यांनी दोनदा माझ्याकडे पाहिले. गेनूबुवा गावचे जुने शेतकरी, साठीच्या पुढचे, आवाज पखवाजासारखा. त्यांच्या गाडीला जुंपलेली जोडी मीच दिलेली. त्या पाहण्याचा अर्थ मला असा वाटला की आज हा दूर का बसला, याच्या तोंडाला वास येतो की काय. मी उठलो. मंडपाचे पत्रे तापलेले, माणसाला माणूस चिकटलेला, वाऱ्याचा पत्ता नाही. चौथ्या पावलीला उजवा पाय उचललाच गेला नाही. मी आधारासाठी हात टाकला तो हंडीच्या दोरावर पडला, आणि अभंग पुरा व्हायच्या आत, कीर्तनकाराच्या देखत, हंडी माझ्यासकट खाली आली.

दही माझ्या डोक्यावरून ओघळत होते. मला उठता येईना. गेनूबुवा टाळ खाली ठेवून पुढे आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, “आजच्या दिवशी तरी कळ काढायची व्हती.” मी म्हणालो, मी प्यालेलो नाही. ते म्हणाले, मग विठोबाच्या पायावर हात ठेवून आण घे. इथे माझे चुकले असेल. पण जो शब्द मी बाजारात दिला की लोक दुसऱ्या दिवशी विश्वासाने जनावर पाठवतात, त्या शब्दाला गावाने देवाचा जामीन मागावा, हे मला सहन झाले नाही. मी आण घेतली नाही. उलट शिव्या देत गेनूबुवांच्या वडिलांपर्यंत जाऊन आलो. मग ते म्हणाले, “उपऱ्याला माळ शोभत न्हाई,” आणि वाकून त्यांनी माझ्या गळ्यातून माळ काढली. मी बसलेलो होतो म्हणून ती निघाली. उभा असतो तर कुणाची छाती नव्हती.

माळ गळ्यात नसेल तर अन्न शिवायचे नाही, हा आमचा नेम. तुटली तर ओवून होईपर्यंत माळकरी उपाशी राहतो. माझी तर तुटलीही नव्हती. मी दुधावर राहिलो. दोन दिवस घरात कुणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी, शनिवारी, बाजारालाही गेलो नाही, आणि लोकांनी त्याचाही अर्थ लावलाच असेल. त्या संध्याकाळी दुधाचा पेला खाली ठेवत माझी बायको म्हणाली, “अवं, माळ त्यांनी दिली व्हती का? मग त्यांनी न्यायची कशी? जिथं मिळाली त्या जागी जावा.”

मला ते पटले, पण भक्तीने नाही. रागाने पटले. मी ठरवले, देहूला जायचे आणि पायी जायचे. घरी गाडी होती, बैल होते. जुंपू दिली नाही. बायको म्हणाली, पायानंच वैर धरलंय तर त्याच्यावरच का जाता? मनातल्या मनात मी विठोबाशी सौदा करत होतो. मी पायी येतो. पोहोचलो तर माळ दे आणि पाय नीट कर. दोन्ही हवे, एकावर सौदा पटणार नाही. आणि वाटेत पाडलेस तर तुझे नि माझे संपले, मी पुन्हा तुझ्या दारात येणार नाही. आज लिहिताना लाज वाटते, पण त्या दिवशी मला हा भाव अगदी वाजवी वाटला होता.

रविवारी झुंजुमुंजू असताना काठी घेऊन निघालो. पहिला टप्पा असा गेला की मला वाटले, देवाने सौदा मानला. महाळुंगे गारव्यातच मागे पडले. मग ऊन आले. चैत्रातले ऊन आठालाच पाठीवर हात ठेवते. उजवी वहाण घासू लागली, मग डाव्या पायातही ती सुस्ती उतरली, आणि पुढच्या माळावर एका बाभळीच्या विरळ सावलीपाशी मी तोंडावर पडलो. काठी एकीकडे, वहाण दुसरीकडे. माथ्यावर पाट्या घेतलेल्या दोन बायका समोरून आल्या आणि मला पाहून रस्त्याच्या पलीकडच्या कडेने गेल्या. एक सायकलवाला थोडा थांबला. मला वाटले उतरेल. तो म्हणाला, “काय राव, दिस तरी वर येऊ द्यायचा,” आणि पायडल मारून गेला. मी मातीत गाल टेकवून पडलो होतो आणि विठोबाला जे बोललो ते इथे लिहिता येणार नाही. तुझे नि माझे संपले, हे मात्र स्पष्ट म्हणालो. मोठ्याने म्हणालो.

त्यानंतर किती वेळ गेला सांगता येत नाही. जळक्या खुराचा वास आला. हा वास मी झोपेतही ओळखीन. नालबंदाच्या कपड्यांना तो कायमचा बसलेला असतो. डोके वळवून पाहिले तर एक वाळका, पांढऱ्या दाढीचा माणूस, खांद्यावर हत्यारांची पिशवी. कालच्या बाजाराला बैलांना नाल मारून तो तळेगावकडे निघाला असावा. चाकणच्या बाजारातले सगळे नालबंद मला ओळखतात आणि मी त्यांना. हा माणूस मी कधी पाहिला नव्हता. त्याने काय झाले विचारले नाही. पाणीही विचारले नाही. माझी पडलेली वहाण उचलली, उलटी केली आणि तिचा तळ अंगठ्याने चाचपून पाहिला.

“ही कवाची?”

“दिवाळीची,” मी म्हणालो.

त्याने माझ्या डाव्या पायातली काढून घेतली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. “ही अजून एक दिवाळी काढंल. हिचं मात्र नाक गेलं.”

“मी प्यालेलो न्हाई,” मी ओरडलो. तोपर्यंत ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघायचे.

“मी कुठं इचारलं?” तो म्हणाला. “पिणाऱ्याच्या दोन्ही वहाणा सारख्याच झिजत्यात, शेट. एक पाय शुद्धीत नि एक बेशुद्ध, आसं दारू करीत नसती.”

तो माझ्या पायाशी मांडी घालून बसला. पिशवीतून बैलाच्या नालेचा एक छोटा तुकडा काढला, दगडावर ठोकून वाकवला आणि उजव्या वहाणेच्या झिजलेल्या टोकावर बसवला. मग कातड्याची एक लांब वादी काढून ती वहाणेच्या अंगठ्यात ओवली. खूर पुढे घासणाऱ्या बैलालाही असेच काहीतरी बांधतात, असे तो बोलता बोलता म्हणाला. वादी नडगीवरून वर घेऊन गुडघ्याखाली बांधायची, म्हणजे पाऊल उचलताना पुढचा भाग वादी ओढून घेते, लोंबत नाही. मी अस्वस्थ होऊन पाय मागे घेत होतो. त्याने माझ्या घोट्यावर थाप मारली. “हालू नगा. बैल हालतो म्हनून त्येला दोर टाकून पाडावा लागतो. तुमी तर पडल्यालंच हाय.”

मला हसू आले. तीन दिवसांत पहिल्यांदा. आणि हसू आले तसा माझा जुना स्वभावही आला. पडल्या पडल्या मी खांद्यावरचे उपरणे ओढून हातावर टाकले आणि हात पुढे केला: बोल, किती घेणार? त्यानेही दाढीतल्या दाढीत हसून उपरण्याखाली हात घातला. त्याची पकड मला समजली, हाताचा खरखरीतपणा समजला. पण त्याने कोणती बोटे दाबली, किती दाबली, ते कळले नाही. माझी बोटे त्या उन्हात लाकूड झाली होती. एरवी मी काय केले असते? भाव जास्त आहे म्हणून हात झटकला असता आणि पुन्हा दाबायला लावला असता. मी तसाच त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. मग म्हणालो, “कबूल.” आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न कळता कबूल म्हणालो. कमरेची पिशवी सोडून त्याच्यासमोर ठेवली आणि तोंड फिरवले. त्याने काय घेतले ते मी पाहिले नाही, घरी येऊनही पिशवी तपासली नाही. माझ्या धंद्यातल्या माणसाला यात काय आहे ते कळेल.

एवढ्यात मागून गाडी आली. मान न वळवता मी जोडी ओळखली, कारण डावीकडच्या बैलाचे पाऊल किंचित लांब पडते. गेनूबुवा एकटेच होते. मला पाहून त्यांनी कासरा ओढला आणि म्हणाले, “आता हितं पडलाय व्हय?” माझ्या तोंडात उत्तर तयार होते. पण नालबंद काम करता करता, वर न बघता, म्हणाला, “बुवा, थांबलाच हायसा तर उतरा. ही जरा बघा.” आणि त्याने उजवी वहाण पायातून पुन्हा काढून दोन्ही वहाणा त्यांच्यापुढे धरल्या, एक नालेच्या तुकड्याभोवतीही झिजलेली दिसणारी, एक चांगली.

गेनूबुवा उतरले. त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही. या माणसाचा जन्म बैलांच्या खुरांमागे गेलेला. त्यांनी उजव्या वहाणेचे टोक बोटाने चाचपले, डावीची टाच पाहिली, मग पुन्हा उजवी. बराच वेळ. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. तिथे काय आले ते मला दिसले, आणि ते आले म्हणून माझा राग कमी झाला असेल असे कुणी समजू नये, तो वाढला. एवढेच बघायचे होते ना? मग तीन दिवसांपूर्वी, दही पुसून, एकदा माझ्या पायाकडे का नाही पाहिलेत?

“गाडीत बस,” ते म्हणाले.

“मी चालत जाणार हाय.”

“उन्हात मरशील.”

“मरंल. पन तुमच्या गाडीत न्हाई.”

ते गाडीत चढले आणि बैलांना हाकले नाही. मी वहाणा घालून उठलो, चार पावले टाकली. पाय उचलला जात होता. नीट नव्हे, झटका देऊन. पण टोक मातीत रुतत नव्हते. नालबंद पुढच्या फाट्यापर्यंत माझ्याबरोबर आला, एकदा वादी घट्ट करून दिली आणि इंदोरीच्या वाटेला लागला. त्याचे नाव विचारायचे मला सुचले नाही. भाव ठरवायचे सुचले होते, नाव विचारायचे नाही. ही माझी चूक मला रोज बोचते.

गाडी माझ्या मागून येत होती, माझ्या चालीने. येलवाडी ओलांडेपर्यंत वादीही कमी पडू लागली. ऊन डोक्यावर आले आणि दोन्ही पाय मिटल्यासारखे झाले. इंद्रायणीचा काठ दिसत होता, पलीकडे देहूचे कळस दिसत होते. शेवटचा उतार मी बसून उतरलो, लहान पोर उतरते तसा, आणि मागे गेनूबुवा बघत आहेत हे ठाऊक असूनही उतरलो. तसाच पाण्यात शिरलो आणि एका डोहात गळ्यापर्यंत बसलो. मला आता काही मागायचे नव्हते. सौदा मी सकाळीच मोडला होता. डोळे मिटून बसलो. थोड्या वेळाने पाय परत आला. घट्ट बांधलेला कासरा सोडला की बैलाच्या मानेत जसे रक्त फिरते, तसा हळूहळू आला. आधी अंगठा, मग पाऊल, मग गुडघा. डॉक्टरांनी गार पाण्याचे सांगितलेच होते, ते मी विसरलेलो नाही. पाणी गार असते आणि ते त्या दिवशी माझ्या वाटेत होते, एवढेच मी म्हणतो. आणखी काही म्हणायचा मला अधिकार नाही.

डोळे उघडले तेव्हा गेनूबुवा धोतरासकट कमरेएवढ्या पाण्यात माझ्यासमोर उभे होते. त्यांच्या हातात माझी माळ होती. तेव्हा मला कळले की ते देहूला कशासाठी निघाले होते. काल्यात विघ्न आले म्हणून नारळ ठेवायचा आणि माझी माळ इंद्रायणीत सोडून द्यायची, असे मंडळींनी ठरवले होते.

“बुडवायला आनली व्हती?” मी विचारले.

“व्हय,” ते म्हणाले. खोटे बोलले नाहीत, एवढे त्यांच्या बाजूने लिहितो. “डोकं खाली कर.”

मी केले. माळ गळ्यात पडली, ओली, गार. मी वाट पाहत राहिलो. आता तो एक शब्द येईल असे वाटले. गेनूबुवांनी ओंजळभर पाणी आपल्या तोंडावर मारले आणि म्हणाले, “पानी गार हाय.” आणि काठाकडे वळले.

पलीकडे जाऊन देवळात विठोबासमोर स्वतःच्या पायांवर उभा राहिलो. सकाळपासून पाठ केलेल्या मागण्या, तक्रारी, शिव्या, एकही तोंडावर येईना. पाय बरा कर, हेसुद्धा म्हणालो नाही. मुठीत तीन दिवस काहीतरी आवळून धरले होते ते सुटले होते, आणि हात रिकामे घेऊन मी नुसता उभा होतो. बाहेर येऊन पायरीवर बसलो आणि कुणीतरी पुढे केलेली भाकरी खाल्ली. इतकी गोड भाकरी मी पुन्हा खाल्लेली नाही.

पाय बरा झाला नाही, हे सांगायलाच हवे. आता दोन काठ्या लागतात, आणि दर काही महिन्यांनी दुखणे एक पायरी खाली उतरते. बाजार सुटला, लोक बैल माझ्या दारात आणतात आणि मी बाजेवर बसून त्यांना चालवून बघतो. भजनाला जातो. तिथे खिडकीजवळ, वाऱ्याला, माझ्यासाठी जागा राखलेली असते. ती कोण राखते ते मला माहीत आहे, आणि तो माणूस अजून काही बोलत नाही. मीही बोलत नाही. गावातले लोक आता मोठ्या प्रेमाने म्हणतात, देवाने त्याची परीक्षा घेतली. हे ऐकले की माझे डोके फिरते. परीक्षा देवाने नाही घेतली, तुम्ही घेतली. देवाने नालबंद पाठवला.

पाठवला असे म्हणतो खरे. त्या माणसाची मी चाकणला, तळेगावला, देहूरोडच्या टांगेवाल्यांत खूप चौकशी केली. पांढरी दाढी, वाळकी अंगकाठी. कुणी ओळखले नाही. तो कोण होता यावर मला वाद घालायचा नाही. त्याच्या कपड्यांना जळक्या खुराचा वास होता आणि त्याने मजुरी घेतली, माझ्यासाठी एवढे पुरे आहे. उलट त्याने मजुरी घेतली याचेच मला सर्वांत मोठे समाधान आहे. त्या माळावर मला दारुडा न समजणारा आणि कीवही न करणारा तो एकटाच होता.

मी हजारो बैल नाल मारण्यासाठी पाडलेले पाहिले आहेत. दोर पडला की बैल डोळे पांढरे करतो, फुत्कारतो, पाय झाडतो. त्याला वाटते, आता मला मारणार. जो जास्त झाडतो त्याला खिळा कच्च्या जागी लागतो. मग दोर सुटतो, तो उठतो आणि दगडावरून चालत जातो, आणि आपल्याला का पाडले होते हे त्याला कधीच कळत नाही. मलाही कळलेले नाही. पाडणाऱ्यावर मी अजून रागावतो, आणि तो राग विठोबाच्या पायाशीच नेऊन ठेवतो. दुसरीकडे कुठे नेऊ?

ती जुनी वादी कधीच तुटली. आता जुन्या कासऱ्याची नवी वादी बायको दर सकाळी माझ्या पायाला बांधते. कुठल्याही गोष्टीत आधी नाही म्हणून मग घासाघीस करणारा मी, त्या वेळी पाय पुढे करतो, गळ्यातली माळ बोटांनी चाचपतो, आणि ती गाठ मारेपर्यंत हलत नाही.